क्विन्स-गुलाब क्रिस्प: फळ आधी शिजवा, फूल शेवटी घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत इराणी दुकानात क्विन्स (सफरचंदासारखं दिसणारं घट्ट, तुरट पिवळं फळ) मिळाले, ॲपल क्रिस्पची (खाली फळ आणि वर मैदा-ओट्स-बटरचा कुरकुरीत थर घालून बेक केलेलं डेझर्ट) नेहमीची रेसिपी घेऊन त्यात सफरचंदाच्या जागी क्विन्सच्या फोडी घातल्या, दोन टेबलस्पून गुलाबपाणी घातलं, ३७५ फॅरनहाइटला चाळीस मिनिटं बेक केलं. वरचा थर करपायला लागला तरी फळ कडकच, तोंड आवळून येईल इतकं तुरट, आणि गुलाबाचा सुगंध यायच्या ऐवजी साबणाची चव. नक्की काय चुकलं आणि दिवाळीला पाहुण्यांसाठी परत करायचं तर कसं करू?

मी गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात डेझर्टच्या ऑर्डरी घेते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे क्विन्सचं काम असतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वाचायला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ओव्हनचा दोष नाही, तुमचाही फार नाही. रेसिपी सफरचंदाची होती आणि क्विन्स दिसायला सफरचंद-नासपतीच्या घरातलं असलं (आहेच ते त्याच घरातलं, गुलाबाचं कुळ आहे हे सगळं, म्हणून तर गुलाब त्याला इतका शोभतो) तरी वागायला अगदी वेगळं आहे. कच्च्या फोडी क्रिस्पमध्ये घालणं म्हणजे हरभऱ्याची डाळ न शिजवता पुरणपोळीत भरण्यासारखं आहे. वरचं आवरण भाजून होईल, आतलं तसंच राहील. सफरचंदाच्या फोडीला ओव्हनमधली चाळीस मिनिटं पुरतात कारण तिच्यात पाणी भरपूर, गर नाजूक. क्विन्सचा गर दाट, त्यात पेक्टिन (पाक जेलीसारखा दाट करणारं द्रव्य) ठासून भरलेलं आणि नासपतीत किंवा पेरूत जो रवाळपणा लागतो ना, त्या कडक पेशी यात आणखी जास्त. त्यात तुमच्या फोडी वरच्या कोरड्या थराखाली, पातळ पाक नाही, झाकण नाही. अशा अवस्थेत त्या दीड तास ठेवल्या असत्या तरी धड शिजल्या नसत्या, फक्त वाळल्या असत्या.

तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: क्विन्स आधी वेगळं, सावकाश, पाकात शिजवायचं, आणि फुलाचा वास ओव्हनच्या बाहेर घालायचा. क्रिस्प बेक करणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा आणि छोटा भाग आहे.

आता फळ निवडण्यापासून सुरू करू. अमेरिकेत विकायला येणारं क्विन्स जवळजवळ सगळं कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातलं असतं आणि त्यात 'पायनॅपल' नावाची जात खूप दिसते, ही जात ल्यूथर बरबँक या रोपांच्या नव्या जाती तयार करणाऱ्याने कॅलिफोर्नियातल्याच सांता रोझाला तयार केली, १८९९ च्या सुमाराला ती बाजारात आली. नावात पायनॅपल असलं तरी अननस समजून कच्चं खायला जाऊ नका. दुसरी 'स्मर्ना', मोठी आणि थोडी लांबट असते. दोन्ही चालतात. इराणी, तुर्की, अफगाण दुकानात बघा, तिथे माल पटापट खपतो म्हणून ताजा असतो, मोठ्या सुपरमार्केटमध्ये एकेक फळ जाळीत घालून ठेवतात आणि भाव ऐकून घाबरायला होतं. फळ पूर्ण पिवळं हवं, आणि नाकाशी धरलं की वास यायला हवा. हिरवट असेल तर फ्रीजमध्ये नाही, ओट्यावर टोपलीत ठेवा आठ-दहा दिवस, पिवळं होईल आणि खोलीभर दरवळेल. पूर्वी युरोपात कपड्यांच्या कपाटात ठेवायचे ते उगाच नाही. वरची करडी लव असते ती ओल्या फडक्याने चोळली की निघते. बोटाने दाबून बघू नका, पिकलं तरी ते मऊ होत नाही आणि दाबलं तर डाग मात्र पडतो.

चिरताना जपून. हे मी ऑर्डरीला मदत करायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, कारण क्विन्सचा गाभा लाकडासारखा नाही, लाकूडच असतो, सुरी घसरते. मोठी जड सुरी घ्या, फळाचा खालचा भाग थोडा कापून सपाट करा म्हणजे ते डुगडुगणार नाही, मग उभे दोन भाग. मनगटात जोर नसेल तर सरळ अख्खी फळं पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, थंड करा, मग साल पीलरने निघते आणि गाभा चमच्याने खरवडला तरी येतो. यात काहीही कमीपणा नाही, ऑर्डर मोठी असली की मीही असंच करते. हवेत काळं पडतं म्हणून लिंबूपाण्यात बुडवून ठेवा असं सगळीकडे सांगतात, त्याची खरंच गरज नाही, शेवटी ते लालच होणार आहे, कोण बघतंय.

साली आणि गाभा फेकायचे नाहीत! पातळ सुती कापडात पुरचुंडी बांधून फोडींबरोबर भांड्यात सोडायची. सुगंध सालीत सगळ्यात जास्त असतो आणि पेक्टिन गाभ्यात आणि बियांच्या भोवती. बिया अख्ख्याच राहू द्या, ठेचू नका, सफरचंदाच्या बीसारखंच त्यात ते कडू विषारी द्रव्य असतं, चघळायचं तर नाहीच. पण या बिया तुम्ही कदाचित आधी पाहिल्याही असतील, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून जे मिळतं आणि खोकल्याला रात्री भिजत घालून बुळबुळीत पाणी पितात, त्याच या बिया. त्याच बुळबुळीतपणाने पाक दाट होतो, म्हणून माझ्या क्रिस्पमध्ये कॉर्नफ्लॉवर घालत नाही.

प्रमाण सांगते. क्विन्स एक किलो, म्हणजे मध्यम आकाराचे चार, साफ करून सातशे ग्रॅमच्या आसपास राहतात. पाणी एक लिटर, साखर २०० ते २५० ग्रॅम, एका लिंबाची साल पट्ट्या काढून आणि अर्ध्या लिंबाचा रस, दोन लवंगा, तीन-चार वेलच्या किंचित ठेचून. दालचिनी? बहुतेक लोक घालतात, मी नाही घालत, कारण नंतर गुलाब येणार आहे आणि दालचिनी असली की गुलाब गप्प बसतो. ऑरेंज ब्लॉसम (संत्र्याच्या फुलांचं पाणी) वापरणार असाल तर दालचिनीचा छोटा तुकडा चालतो, त्या दोघांचं पटतं, मोरोक्कोत क्विन्स आणि मटणाच्या ताजीनमध्ये (मंद शिजवलेला रस्सा) दालचिनी असतेच.

साखर सुरुवातीलाच सगळी घालू नका. गोड दाट पाकात फळाचा गर आखडतो, मऊ व्हायला दुप्पट वेळ लागतो (म्हणूनच आवळ्याचा मोरावळा करताना आई आवळे आधी वाफवून घ्यायची). पहिली वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पाणी, लिंबाची साल, मसाला आणि पुरचुंडी. सुरी थोडी आत जायला लागली की साखर आणि लिंबाचा रस घालायचा, बटर पेपरचा गोल कापून थेट फळावर ठेवायचा म्हणजे फोडी वर तरंगून कोरड्या पडत नाहीत, आणि आच इतकी मंद की एखाददुसरा बुडबुडा दिसावा. असं दीड ते दोन तास. हो, खरंच दोन तास. मध्ये ढवळायचं नाही, भांडं धरून नुसतं हलवायचं. भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं, अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबट पदार्थ आहे आणि धातूची चव लागते.

आणि मग ती गंमत होते जिच्यासाठी मी हे फळ दरवर्षी आणते. फिकट पिवळ्या फोडी आधी पीच रंगाच्या, मग गुलाबी, मग विटकरी-लाल. खाण्याचा रंग कोणी घातलाय असं वाटतं. होतं असं की कच्च्या फळाला जी तुरट चव असते ती टॅनिनची, त्या टॅनिनला स्वतःचा रंग नसतो, पण आंबटपणा आणि बराच वेळ मिळालेली उष्णता यांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यातून अँथोसायनिन घराण्यातली लाल द्रव्यं तयार होतात. म्हणजे रंग चढतो तेव्हाच तुरटपणा उतरतो, एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. म्हणून रंग हे नुसतं सौंदर्य नाही, तुमच्यासाठी खूण आहे. फोड मऊ झाली पण पिवळीच आहे, तर ती शिजलीय, पण घसा थोडा धरणारच. गुलाबी झाली की निर्धास्त. प्रत्येक फळ सारखं लाल होत नाही हेही सांगून ठेवते, काही जाती आणि काही वर्षं फिकट गुलाबीवरच थांबतात, तेव्हा चव घेऊन बघा आणि पुढे चला, रंगासाठी फोडींचा लगदा करू नका.

कुकरमध्ये होईल का, हा पुढचा प्रश्न येणारच, आपण मराठी माणसं, शिट्टी मोजल्याशिवाय आपल्याला चैन नाही. दोन शिट्ट्यांत मऊ होतं, नक्की होतं, पण रंग नाही आणि चव बोथट. रंग हवा तर प्रेशरखाली तीस-पस्तीस मिनिटं ठेवावं लागतं आणि तोवर पातळ फोडी विरघळून जातात, म्हणून कुकरला लावायचंच असेल तर अर्धे-अर्धे मोठे तुकडे ठेवा आणि नंतर चिरा. मला विचाराल तर झाकणाचं जड भांडं ओव्हनमध्ये १५० सेल्सियसला अडीच-तीन तास टाकून देणं सगळ्यात सुखाचं, लक्ष द्यावं लागत नाही आणि फोडी अजिबात मोडत नाहीत. इथे घरात हीटिंग चालू करायच्या दिवसांत तर ते बरंच वाटतं.

फोडी काढून घ्या, पुरचुंडी जरा गार झाली की चांगली पिळून तो चिकट रस परत भांड्यात घाला आणि पाक आटवा. क्रिस्पमध्ये जाणार आहे फक्त अर्धा कप, म्हणजे १२० मिली. उरलेला बाटलीत भरून फ्रीजमध्ये, तो जेलीसारखा बसतो, सोड्यात घालून सरबत करा, टोस्टला लावा, काहीही करा, पण सगळाच्या सगळा क्रिस्पमध्ये ओतू नका, मग खाली पाणी-पाणी होतं आणि वरचा थर ओला बसतो. शिजवलेल्या फोडी पाकात बुडवून फ्रीजमध्ये आठवडाभर मस्त राहतात, उलट दुसऱ्या दिवशी रंग आणखी गडद होतो. दिवाळीच्या गडबडीत तुम्हाला हेच सोयीचं पडेल, फराळाच्या आधीच्या रविवारी फळ शिजवून ठेवा.

आता फक्त क्विन्सचाच क्रिस्प करायचा का? माझं मत नाही. इतका वेळ शिजल्यावर त्याला मधासारखी गोडी येते पण धार राहत नाही. दोन आंबट सफरचंदं, ग्रॅनी स्मिथ, पातळ चिरून कच्चीच त्यात मिसळायची, ती ओव्हनमध्ये विरघळतात आणि क्विन्सच्या घट्ट फोडींना धरून ठेवणारं मऊ अस्तर होतं. वर अर्ध्या लिंबाचा रस. नासपती घालतात काही जण, पण मग सगळंच गोड-गोड आणि रवाळ होतं, मला नाही आवडत.

वरचा थर. मैदा १२० ग्रॅम, रोल्ड ओट्स ९० ग्रॅम, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम, अर्धा टीस्पून मीठ, पिस्ते किंवा बदामाचे जाड तुकडे साठ ग्रॅम. ओट्स साधे जाड, इन्स्टंट ओट्सचं पीठ होतं आणि स्टीलकट दाताखाली खडे येतात. ओट्स नाहीत म्हणून जाडे पोहे घालायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येतेच दरवेळी, नका घालू. बटर थंडगार, चौकोनी तुकडे, बोटांनी मैद्यात चोळायचं, काही भाग रव्याएवढा बारीक, काही वाटाण्याएवढे गोळे, असं असमान राहिलं पाहिजे, मिक्सरमध्ये एकसारखं केलंत तर बिस्किटाची एक सपाट लादी होईल. मग अर्धा तास फ्रीजमध्ये. भारतात करणाऱ्यांसाठी: अमूलचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, ते वापरलं तर वरचं मीठ वगळा. तूपसुद्धा छान लागतं, पण तुपात पाणी नसतं म्हणून ९० ग्रॅमच घ्या, थिजलेलं घ्या, आणि चमचाभर दूध शिंपडा म्हणजे गोळे धरतील. गुळाची पावडर लवकर करपते, अर्धी साखर अर्धा गूळ इथपर्यंत ठीक.

वीस सेंटिमीटरचं चौकोनी भांडं, दोन इंच खोल. फळ आणि पाक खाली, वर थर सैलसर पसरायचा, दाबायचा नाही. १८५ सेल्सियस म्हणजे ३६५ फॅरनहाइट, पस्तीस ते चाळीस मिनिटं. क्विन्स आधीच शिजलेलं असल्याने ओव्हनने करायचं काम एवढंच, की सफरचंद शिजवणं आणि वरचं तांबूस करणं. कडेने पाकाचे दाट, आळसावलेले बुडबुडे फुटायला लागले की झालं. फळ फ्रीजमधून काढलं असेल तर आधी तासभर बाहेर ठेवा, नाहीतर परत तीच तक्रार, वर करपलं आणि मध्ये गार. ओटीजी छोटा असेल तर खालच्या रॅकवर ठेवा, वरचा रॉड शेवटची दहा मिनिटंच.

आता साबणाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग तोच आहे.

गुलाबपाण्यात जी सुगंधी द्रव्यं असतात, फिनाइल इथाइल अल्कोहोल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, ती वाफेबरोबर उडणारी आहेत, तशी ती उडतात म्हणून तर भट्टीवर पाकळ्या उकळून गुलाबपाणी काढता येतं. म्हणजे तुम्ही चाळीस मिनिटं उकळत्या फळात गुलाबपाणी ठेवलं तेव्हा घरात छान वास पसरला असेल आणि तो सगळा भांड्यातून गेलेला वास होता. हलकं, ताजं जे होतं ते आधी गेलं आणि जड, बोचरं मागे राहिलं. त्यात हीच द्रव्यं साबण, पावडर, हँडवॉश सगळ्यात घालतात, त्यामुळे प्रमाण जरा चढलं की जिभेला मिठाई आठवायच्या ऐवजी न्हाणीघर आठवतं. दोन टेबलस्पून म्हणजे सहा टीस्पून होतात, एवढ्या भांड्याला ते खूपच आहे. आणि फळ तुरट असेल तर फुलाचा वास आणखी कडवट लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही एकमेकांना वाढवत होते.

एक शंका अशीही आहे की तुमची बाटली गुलाबपाण्याची होती की इसेन्सची? बाटलीवरचे घटक वाचा. पाणी आणि गुलाबाचा अर्क एवढंच असेल तर ते गुलाबपाणी. प्रॉपिलीन ग्लायकॉल, कृत्रिम सुवास असं काही असेल तर तो इसेन्स, तो थेंबाने मोजायचा, चमच्याने नाही. तोंडाला लावायचं म्हणून मेडिकलच्या दुकानात मिळतं ते तर स्वयंपाकात नकोच. इराणी दुकानात काशानजवळच्या कमसरचं गुलाबपाणी मिळतं ते तेज असतं, लेबनॉनचं त्यापेक्षा सौम्य, आपल्याकडचं कन्नौजचं चांगलं मिळालं तर कोणापेक्षा कमी नाही. प्रत्येकाची ताकद वेगळी, म्हणून रेसिपीतल्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक काम करा: पाव कप कोमट पाकात अर्धा टीस्पून घालून चमचाभर प्या. गुलाब ओळखू येतोय पण नाव घेऊन सांगावं लागत नाही, अशी चव आली की ते प्रमाण बरोबर.

मी कशी घालते ते सांगते. आटवलेला पाक कोमट झाला की त्यात एक टीस्पून, हा ओव्हनमध्ये अर्धाअधिक उडून जाणार आहे हे धरून, फक्त पाया म्हणून. खरा गुलाब क्रीममध्ये. २०० मिली व्हिपिंग क्रीम, टेबलस्पूनभर पिठीसाखर, एक टीस्पून गुलाबपाणी, घट्ट नाही फेटायचं, चमच्यावरून सैल घरंगळेल इतपतच. किंवा क्रीमच्या जागी चक्का. मला स्वतःला चक्काच जास्त आवडतो, त्याचा आंबटपणा गोड फळाला छान तोडतो: २०० ग्रॅम चक्का, दोन-तीन चमचे क्रीम घालून सैल केलेला, थोडा मध, गुलाबपाणी. श्रीखंडाइतका गोड करू नका. क्रिस्प ओव्हनमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, पाक दाटतो, जीभ भाजत नाही, आणि कोमट फळावर थंड क्रीम पडलं की त्या उबेने गुलाब वर येतो, अगदी खाताना, नाकाशी. फूल शेवटी का, याचं उत्तर त्या पहिल्या घासात मिळतं. काढल्याकाढल्या वर गुलाबपाणी शिंपडायचं मात्र नाही, कुरकुरीत थराची वाट लागते.

गुलकंद घालू का, असं मला ऑर्डर देणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतंच. घाला, पण क्रीममध्ये किंवा फळात, वरच्या थरात नको, त्यातली साखर जळून कडू होते. फळात दोन टेबलस्पून घातलात तर पाकातली साखर पन्नास ग्रॅमने कमी करा. वाळवलेल्या पाकळ्याही तशाच, बेक झाल्यावर वरून चुरडून. आणि त्या खाण्यासाठीच्या असल्या पाहिजेत, फुलवाल्याकडच्या गुलाबावर काय-काय फवारलेलं असतं देव जाणे, शिवाय त्या टप्पोऱ्या लाल गुलाबाला बहुतेक वेळा वासही नसतो.

बाकी फुलांचं पटकन सांगते. ऑरेंज ब्लॉसम वॉटर क्विन्सला गुलाबाइतकंच चांगलं, किंचित कडसर आणि स्वच्छ, ज्यांना गुलाब म्हटलं की मिठाई आठवते त्यांच्यासाठी हेच करा, प्रमाण गुलाबापेक्षा थोडं कमी. रोझ जिरॅनियमची (पानांना गुलाबासारखा वास असलेलं झाड) दोन-तीन पानं शिजवताना पुरचुंडीत टाकली तर फार सुरेख लागतं, पान असल्यामुळे उष्णतेत टिकतं. केवडा नको, तो आला की क्विन्स होतं का भोपळा हे कळणार नाही. लॅव्हेंडरबद्दल लोक फार उत्साही असतात, मी नाही. केशर चालतं, पण केशर आणि गुलाब दोन्ही घालून मग वर वेलचीही वाढवली की त्याला लग्नातल्या बासुंदीचा वास येतो आणि फळ हरवतं. यातलं एकच कुणीतरी पुढे असू द्या.

तुर्कस्तानात हेच फळ अर्धं कापून, साखर आणि लवंगेत लाल होईपर्यंत शिजवतात आणि वर कायमाक, म्हणजे आपली घट्ट साय, घालून थंड देतात, आयवा तातलसी म्हणतात त्याला. आयत्या वेळी क्रिस्प बिघडलाच तर तुमच्याकडे शिजवलेलं फळ आहे, क्रीम आहे, हेच वाढून टाका, कोणाला कळणारही नाही की काही दुसरं ठरलं होतं.

आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी. काश्मीरमध्ये क्विन्स होतं, तिथे त्याला बमचूंठ म्हणतात आणि शरद ऋतूत वांग्याबरोबर किंवा मटणाबरोबर शिजवतात, पुण्या-मुंबईत मात्र क्वचितच दिसतं. मिळालं नाही तर सफरचंदाकडे नका जाऊ, पेरू घ्या. हसू नका. तोच रवाळपणा, तेच भरपूर पेक्टिन, तसाच खोलीभर सुटणारा वास. पोर्तुगीज लोक क्विन्सचा घट्ट वड्या पडणारा गोड पदार्थ करायचे, ब्राझीलमध्ये क्विन्स नव्हतं तेव्हा त्यांनी तोच पेरूचा केला, आणि गोव्यात ख्रिसमसला पेराद होते तीही त्याच पठडीतली. म्हणजे ही अदलाबदल करणारे आपण पहिले नाही.

पेरू किलोभर, पिवळट पण घट्ट, गुलाबी गराचे मिळाले तर उत्तम. साल पातळ काढा, बियांचा मधला गोळा चमच्याने काढून अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं शिजवा आणि चाळणीतून दाबून गाळा, बिया वर, दाट गर खाली, हाच तुमचा पाक. बाहेरच्या टरफलाच्या फोडी त्या गरात शंभर ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून दहा-बारा मिनिटंच शिजवा, दोन तास नाही, पेरूचा लगेच लगदा होतो आणि पांढरा पेरू कितीही शिजवला तरी असा लाल होणार नाही. वरचा थर आणि ओव्हन वर सांगितल्याप्रमाणेच. पेरूचा स्वतःचा वास इतका दांडगा असतो की गुलाबपाणी त्यात नुसतं गोंधळ घालतं, त्याला चक्क्यात घातलेला गुलकंदच बरा, आणि वर चिमूटभर मीठ.

शिळा क्रिस्प मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वरचा थर लिबलिबीत होतो. ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १६० सेल्सियसला, ओव्हनला बारा-पंधरा मिनिटं, एअर फ्रायरला त्याच्या अर्धी. क्रीम उरलं असेल तर त्यात गुलाबपाण्याचे दोन-तीन थेंब परत घाला, फ्रीजमध्ये एका रात्रीत त्याचा वास बसलेला असतो.